बुदैयाच्या कॅम्पातला गावप्रमुख

मोदकांच्या वाफेचा वास आला की मला बहारीनमधल्या बुदैयाच्या कामगार कॅम्पातला सोमचाय आठवतो. थायलंडच्या खेड्यातला हा सुतार शुक्रवारी चिकट भात वाफवताना मोडक्या हिंदीत सांगायचा, "हमारा गाँव अपना मुखिया चुनता. पानी, रास्ता, झगड़ा, सब वो देखता."

कॅम्पात पाण्याच्या टँकरवरून रोज भांडणं. म्हणून आम्हीही निवडणूक घेतली. आम्ही कोकणातले सगळेच उभे राहिलो आणि प्रत्येकाला फक्त स्वतःचंच मत पडलं! सोमचाय चुलीपाशी हसत होता. आमच्यातला म्हादू वैतागून त्याच्याकडे बोट दाखवत म्हणाला, "खलास! हाच आपला प्रमुख."

सोमचायने लगेच हुकूम सोडला, "जो झगड़ेगा, वो आखिर में नहाएगा." भांडणं त्याच दिवशी थांबली.

पुढे मी गावी परतून सरपंच झालो. इतका चोख कारभार मला काही जमला नाही.