सोनकुंडच्या नाक्यावर कोण बसतं

आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी शिकलेलं नाही, पण भुताखेतांवर विश्वास ठेवणारंही कोणी नाही. कॉलेजात आलेली मी पहिलीच, तेही विज्ञान शाखेत... बी.एस्सी. दुसरं वर्ष, नागपूर. या सदरातले भुतांचे अनुभव वाचताना मी मनात म्हणायचे, कोणीतरी थट्टा केली असेल, नाहीतर सांगणाऱ्याची आठवण चुकत असेल. आता मीच लिहायला बसले आहे, आणि माझ्याबद्दलही तुम्ही तेच म्हणाल. चालेल. चूक कुठे होते आहे हे कोणी दाखवून दिलं तर मला बरंच वाटेल.

सोनकुंड हे गाव नकाशावर नाही. ते आमच्या ऑनलाइन ग्रुपमध्ये आहे. तिथे प्रत्येक जण एक पात्र घेतो... कोणी वैद्य, कोणी सुतार, कोणी राज्यातून पळून आलेला सरदार... आणि त्या पात्राच्या तोंडून लिहितो. एकाने दोन ओळी लिहायच्या, दुसऱ्याने त्या पुढे न्यायच्या. नाटकासारखं, फक्त लिहून. याला रोलप्ले म्हणतात. नावं चाळीस-पन्नास होती, पण खरे लिहिणारे आम्ही दहा-बारा जण.

मी पारशिवनीकडच्या एका खेड्यातली. पहिल्या वर्षी वर्गात माझ्या तोंडून 'मले समजलं नाही सर' असं निघालं आणि मागचा बाक हसला. त्यानंतर मी वर्गात फारशी बोलले नाही. सोनकुंडमध्ये मात्र मी लिहिलं की लोक थांबून वाचायचे. एवढ्याशा गोष्टीसाठी ते गाव मला किती हवं होतं, हे सांगायलाही संकोच वाटतो.

ग्रुप सुरू केला केतकीताईंनी. त्या नागपुरातच एका ऑफिसात नोकरी करतात. त्यांनी मला नवीन लोकांच्या स्वागताचं काम दिलं होतं. माझं पात्र म्हणजे गोदा, गावाच्या वेशीवर नाक्यावर बसणारी म्हातारी. नवीन माणूस आला की आधी नाक्यावर उभा राहणार, गोदा त्याच्याशी बोलणार आणि मग मी नाका उघडणार. तोपर्यंत त्याला गावात इतर कुठे लिहिता येत नाही.

मी तीन प्रश्न ठरवले होते. नाव काय, काम काय, गाठोड्यात काय आणलं. आणि ते सगळ्यांना सारखे, शुद्ध भाषेत, कॉपी करून टाकायचे. मला हे नीटनेटकं वाटायचं. कॉलेजच्या प्रवेशासाठी मी उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, गॅप सर्टिफिकेट घेऊन कितीतरी खिडक्यांवर उभी राहिले होते. खिडकीतला माणूस व्यवस्थित विचारतो, म्हणजे आपल्याला माणसात मोजतो, असं माझं मत झालं होतं. पण सोनकुंडला येणारे लोक तिन्ही उत्तरं द्यायचे, गावात एखादी ओळ लिहायचे आणि परत दिसायचे नाहीत. तीन आठवड्यांत नऊ जण आले. नऊही गेले.

केतकीताई मला म्हणाल्या, "पायल, तू नाक्यावर माणसं घेतेस की मुलाखती?"

 मग त्या म्हणाल्या, "हे बघ, मीही थकले आहे. दिवाळीपर्यंत पाहू. नवीन माणसं टिकली नाहीत तर बंद करते."

त्याच्या पुढच्या मंगळवारी माझं केमिस्ट्रीचं प्रॅक्टिकल होतं, अकरा ते दोन. फोन बंद करून बॅगेत, बॅग लॅबबाहेरच्या रॅकवर. दोन वाजता बाहेर आले, फोन सुरू केला, तर सोनकुंडची सूचना होती... नवीन सदस्य 'थानवाला' याच्यासाठी बारा वाजून दहा मिनिटांनी नाका उघडला. नाका उघडायचा अधिकार दोघींकडेच आहे, मी आणि केतकीताई. आणि नाव माझं होतं.

मी व्हरांड्यातच उभी राहून वाचलं. पहिलं वाक्य गोदाचं होतं.

"या भाऊ. आधी ते गाठोडं खाली ठेवा."

थानवाल्याने लिहिलं होतं, "नमस्कार. मी फिरून कापड विकतो. नाका उघडण्यासाठी काय लिहावं लागतं?"

"लिहायचं राहू द्या. उजवा खांदा दुखून राहिला ना तुमचा? मग वजन कायले धरून उभे आहा. बसा. पाणी घ्या."

त्यानंतर सात मिनिटं काहीच नव्हतं. मग त्याचा एक शब्द... "बसलो."

पुढे चाळीस मिनिटं दोघांचं बोलणं चालू होतं. सगळं गोदाच्या नावाने, म्हणजे माझ्या अकाउंटवरून. आणि भाषा माझ्या घरची. सोनकुंडमध्ये मी ती भाषा कधीच वापरली नव्हती.

मी आधी केतकीताईंना विचारलं. त्या दिवसभर मीटिंगमध्ये होत्या. अकाउंट कुठे कुठे उघडं आहे हे पाहता येतं, तिथे एकच नोंद होती, माझा फोन. लॅपटॉप माझ्याकडे नाहीच. मी पासवर्ड बदलला.

रात्रीच्या जेवणाला मी हे माझ्या रूममेटला, स्नेहलला सांगितलं. ती भंडाऱ्याची. कोणतीही गोष्ट तिला दोन मिनिटांत सुटलेली हवी असते.

"हॅक झालं असन वं. कोनी तरी बसलं असन तुह्या नावानं."

"हॅक करणारा माणूस लोकांना पाणी पाजत बसेल?"

"चांगल्या घरचा असन," ती म्हणाली आणि भाजी वाढून घेतली.

थानवाल्याचा मला वेगळा निरोप आला. त्यांचं नाव मनोहरभाऊ. वय पंचेचाळीसच्या पुढे, गांधीबागेत कापडाच्या ठोक दुकानात काम करतात. त्यांनी लिहिलं होतं, "ताई, खरं सांगतो, मी निघालोच होतो. सगळी कॉलेजची पोरं, म्हटलं आपलं इथं काय काम. पण तुम्ही पहिले बसायले सांगितलं. आमच्या लाइनमध्ये असंच असते. गिऱ्हाईक आलं की गादीवर बसवा, पाणी द्या, मग कापडाचं थान उघडा. काय पाहिजे हे लगेच विचारलं की तो उठून जाते. तुम्ही दुकानात काम केलं का कधी? आणि खांद्याचं कसं समजलं? थान उचलून उचलून गेला आहे तो."

मी उत्तर लिहिलं, "अंदाजाने."

हे मी खोटं बोलले. ते मला अजून टोचतं.

मनोहरभाऊ टिकले. रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत येऊन लिहायचे. पुढच्या शनिवारी मी घरी जात होते, पारशिवनीच्या बसमध्ये, फोनला रेंज नव्हती. उतरल्यावर पाहिलं तर अमरावतीची एक नर्सिंगची मुलगी नाक्यावरून आत गेलेली. गोदाने तिच्यासाठी दूध तापवलं होतं. तीही टिकली. मग आणखी दोघं. केतकीताईंनी सगळ्यांसमोर लिहिलं, "पायलने गाव वाचवलं." खाली टाळ्यांची चित्रं. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

स्नेहलला मी म्हटलं, मला हे तुझ्यासमोर पाहायचं आहे. ती म्हणाली, "आन तो फोन. आजच निकाल लावू."

रविवार होता, दुपारचे चार. तिने स्वतःच्या फोनवर नवीन अकाउंट उघडलं आणि नाक्यावर येऊन उभी राहिली. माझा फोन बंद करून आम्ही दोघींच्या मध्ये पलंगावर ठेवला. खिडकीत वाळत घातलेले कपडे, खाली मेसवाल्या काकूंचा मिक्सर चालू. भीती वाटण्यासारखं काहीच नव्हतं.

स्नेहलने लिहिलं, "मी स्नेहल. काही आणलं नाही. नाका उघडा."

पाच मिनिटं गेली. ती म्हणाली, "पाह्य, काही नाही. तूच कधी तरी लिहितं आणि विसरतं."

तेवढ्यात तिच्या फोनवर खाली अक्षरं आली... 'गोदा लिहीत आहे.'

तिने माझ्याकडे पाहिलं. मी दोन्ही हात वर करून दाखवले. तिने माझा फोन उचलला, बटण दाबलं. बंदच होता.

"रिकाम्या हातानं आली तरी चालते वं. बस. पाय कायले अवघडून उभी आहेस."

स्नेहलने लिहिलं, "तुम्ही कोण?"

"मी नाक्यावरची. तू मले सांग, तो निकाल दप्तरात ठेवून किती दिवस फिरशीन? एक विषय गेला तं गेला. जेवणावर काहून राग काढतं?"

मी स्नेहलकडे पाहिलं. मला काहीच माहीत नव्हतं. निकाल लागला तेव्हा ती 'झाले पास' म्हणाली होती. तिने फोन पालथा ठेवला, उठली आणि बाथरूममध्ये गेली. बराच वेळ नळ चालू होता. बाहेर आली तेव्हा चेहरा ओला होता.

"फिजिक्स," ती म्हणाली. "घरी सांगितलं नाही अजून. तुले पण नाही."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "हे तू लिहिलं नाही. आता मले विचारू नको कोनी लिहिलं ते."

दोनच मिनिटांत गोष्ट सोडवणारी मुलगी, तिने पुन्हा हा विषय काढला नाही. घरी मात्र त्याच संध्याकाळी फोन करून सांगितलं.

दिवाळीआधी केतकीताईंनी मला सिव्हिल लाइन्समध्ये त्यांच्या ऑफिसबाहेरच्या टपरीवर चहाला बोलावलं. म्हणाल्या, "मी बंद नाही करत आता. उलट तूच सांभाळ सोनकुंड. माझ्यापेक्षा तुला माणसं कळतात."

मी सगळं सांगितलं. प्रॅक्टिकल, बस, पलंगावरचा बंद फोन. त्यांनी चहा संपेपर्यंत ऐकलं.

"पायल, तुला कौतुक घेता येत नाही. लोकांनी चांगलं म्हटलं की तू ते दुसऱ्याच्या नावावर टाकतेस."

"ताई, मी खरंच लिहिलेलं नाही."

"मग कोणी लिहिलं?"

 त्या हसल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि आत गेल्या.

पण लोक माझ्यावर विश्वास ठेवून थांबले होते, आणि ज्या बोलण्यामुळे थांबले ते माझं नव्हतं. हे लपवून मी त्या गावाची कारभारीण कशी होणार? दोन दिवस मी मजकूर लिहून खोडत होते. शेवटी ग्रुपमध्ये सगळ्यांसाठी टाकला. पात्राच्या नावाने नाही, माझ्या नावाने. अमुक अमुक जणांचं स्वागत मी केलेलं नाही, कोणी केलं मला माहीत नाही, मनोहरभाऊंच्या खांद्याचं अंदाजाने समजलं असं मी खोटं सांगितलं होतं, माफ करा.

अमरावतीची मुलगी त्याच दिवशी ग्रुप सोडून गेली. मी तिला दोष देत नाही. एकाने विचारलं, हा कथेचा भाग आहे का. मनोहरभाऊंनी लिहिलं, "बसवणारं कोनी का असेना ताई. आम्ही बसलो, ते तं खरं आहे ना."

त्यानंतर गोदा आपणहून आली नाही. मी मुद्दाम वाट पाहिली. एक मुलगा दीड दिवस नाक्यावर उभा राहिला आणि निघून गेला. गोदा येते का हे मी पाहत बसले म्हणून तो गेला, असं मला वाटलं. तेव्हा मी ठरवलं, आता आपणच बसायचं. प्रश्न नाहीत, कॉपी नाही, जसं सुचेल तसं.

पहिल्या आल्या त्या मौद्याच्या एक बाई. नवरा तिथल्या वीज प्रकल्पात, दिवसभर क्वार्टरमध्ये एकट्या. मी कॉलेजच्या वाचनालयात बसले होते, फोन हातात. त्यांनी लिहिलं, "मला असलं काही येत नाही." मी आमच्या घरच्या भाषेत लिहिलं. चटई टाकली, पोहे केले, त्यांच्या पात्राच्या साडीचा रंग विचारला. त्या एका शब्दात उत्तरं द्यायच्या. पाऊण तासानंतर काहीच न बोलता गेल्या. मला वाटलं, जमलं नाही. पण दोन दिवसांनी त्या आल्या, आणि आता रोज लिहितात. इतका आनंद मला सेमिस्टरचे मार्क पाहूनही झाला नव्हता. हे माणूस मी टिकवलं होतं.

गेल्या आठवड्यात त्यांचा निरोप आला. "तुम्हाला एक सांगायचं राहिलं. त्या दिवशी मी ग्रुप सोडायचं बटण दाबणारच होते. तुम्ही लिहिलं ना, 'आज उठून गेली तरी तुह्या जागेवर कोनाले बसू देनार नाही, परवा ये, रिकामीच सापडन'... म्हणून परवा आले."

मी वर जाऊन शोधलं. ते वाक्य आहे. माझ्या दोन वाक्यांच्या मध्ये. आधीचं तीन वाजून वीस मिनिटांचं, नंतरचं तीन बावीसचं, हे तीन एकवीसचं. आधीचं मला आठवतं, त्यात पोह्यांवर लिंबू पिळलं होतं. नंतरचं आठवतं. मधलं आठवत नाही. त्या मिनिटाला फोन माझ्याच हातात होता, अंगठा पडद्यावर होता, मी जागी होते. समोरच्या टेबलावरचा मुलगा टाचणी शोधत होता, हेसुद्धा मला आठवतं.

स्नेहलला दाखवलं. ती म्हणाली, "तूच लिहिलं असन."

असेल. मी नाही म्हणू शकत नाही, आणि हो म्हणायला माझ्याकडे काही नाही.

केतकीताई रोज विचारतात, सोनकुंड कधी हातात घेतेस, अडचण काय आहे. मी अजून हो म्हटलेलं नाही. नाक्यावर मी बसते, एवढं मी त्यांना खात्रीने सांगू शकते. एकटी बसते का, ते नाही सांगता येत.