पडवीतला जनरेटर

मला राग यायला निमित्त लागत नाही, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी निमित्त होतं जनरेटरचं.

ह्यांनी तो घेतला आपल्या थोरल्या बहिणीसाठी. वन्सं डहाणूला आमच्याकडेच असतात. त्यांना दमा आहे, वाफेचं मशीन दिवसातून दोनदा लावावंच लागतं. दरवर्षी भात कापून झालं की आम्ही झरीला ओळखीच्या एका शेतकऱ्याच्या मोकळ्या शेतात दोन दिवस तंबू ठोकून राहतो. शेताच्या कडेला त्यांचं कुडाचं घर. तिथे वीज आहे, पण आभाळ भरून आलं की ती आधी पळते. म्हणून हा पेट्रोलवरचा, हातात उचलून नेता येणारा जनरेटर. वन्सं तंबूत कशाला झोपतात! त्यांची खाट घरात टाकली.

दुपारी जेवणं झाली आणि अवकाळी ढग दाटले. वीज गेलीच. हे ताडपत्री आणायला मोटरसायकलवरून तलासरीला निघाले. जाताना म्हणाले, "जनरेटर उघड्यावरच राहू दे. घराजवळ आणायचा नाही. पाऊस आला तर बंद कर."

"मला काय अक्कल नाही?" मी म्हटलं.

अर्ध्या तासात पाऊस आला, आणि त्याच वेळी वन्संना धाप लागली. छातीतून शिट्टी वाजायला लागली. मशीनला वीज हवी, वीज जनरेटरची, आणि जनरेटर पावसात. मी शेतकऱ्याला हाक मारली, "भाऊ, उचला तो आणि पडवीत ठेवा."

ते घुटमळले. "दादा नको बोलले ना, ताई?"

"अहो, कुडाचं घर आहे तुमचं, नुसतं गाळणं! इकडून वारा शिरतो, तिकडून जातो. काही होत नाही. ठेवा आधी."

त्यांनी ठेवला. पडवी आणि वन्संची खाट यांच्यामध्ये फक्त एक कुडाची भिंत. दोरी ओढली, मशीन चाललं, वाफ घेऊन वन्संचा श्वास खाली बसला. मला केवढं हायसं वाटलं! मग मी म्हटलं, चालू आहेच तर संध्याकाळचे दिवेही चार्ज होऊ देत. दिवे चार्जिंगला लावून ठेवले.

थोड्या वेळाने वन्सं आतून म्हणाल्या, "डोकं फार दुखतंय गं. कसंतरी होतंय."

"तुमचं डोकं कधी दुखत नाही तेवढं सांगा," मी म्हटलं. "पडा जरा."

हे माझे शब्द आहेत. कुणाला ढकलून देता येणार नाहीत.

तंबूत पाणी शिरू नये म्हणून शेतकरी आणि मी फावडं घेऊन चर खणायला गेलो. त्यांची बायको पोत्याची खोळ घेऊन मागून आली. पाऊणएक तास गेला असेल. पाऊस कमी झाला तशी ती परतली, आणि लगेच तिची हाक आली, "कोंबड्या अशा का पडल्यात?"

पडवीत टोपल्याखाली झाकलेल्या दोन कोंबड्या माना टाकून पडल्या होत्या. जनरेटर मजेत चालला होता. मी फावडं टाकून दिलं. आत धावले. वन्सं खाटेवर तशाच, तोंड उघडं, हाक मारली तरी डोळे उघडेनात. "वन्सं! अहो वन्सं!" आम्ही तिघांनी खाटच उचलली आणि उघड्या शेतात आणली. पाऊस तोंडावर पडत होता, तरी त्या हलेनात. श्वास चालला होता, पण इतका सावकाश की प्रत्येक श्वासानंतर मला वाटायचं, हा शेवटचा.

"पण वारा कसा नाही आला?" मी वेड्यासारखी विचारत होते.

त्यांची बायको रडत म्हणाली, "गेल्या साली आल्या तेव्हा वारा लागतो बोलल्या होत्या ना. म्हणून यंदा कूड पडवीसकट दोन वेळा लिंपला, बाय. वरपर्यंत. एक फट नाय ठेवली."

वन्संना गारठा लागू नये म्हणून शेणामातीने बुजवलेला तो कूड; धूर दारातून आत शिरला आणि आतच कोंडला. येतानाच भिंत किती गुळगुळीत दिसते म्हणून मी तिचं कौतुकही केलं होतं, आणि तासाभरापूर्वी त्या बाईच्याच नवऱ्याला त्याच्या घराचं ज्ञान शिकवलं होतं.

तेवढ्यात हे आले. शेजारच्या पाड्यातली जीप मिळाली, शेतकरीही बरोबर आले. दवाखान्यात वन्संना ऑक्सिजन लावला. डॉक्टर म्हणाले, इंजिनच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेत जातो. आता वाट बघायची.

हे बाहेर आले. चेहरा काळाठिक्कर. "जनरेटर आत कोणी ठेवला?"

मी तोंड उघडलं. दिवसभर सगळ्यांवर चालणारी माझी जीभ टाळूला चिकटली.

"मीच ठेवला, दादा," शेतकरी म्हणाले.

मग ह्यांनी त्या माणसाला काय काय ऐकवलं! अडाणी, बेअक्कल, माणसाच्या जिवाची किंमत नाही. ते खाली मान घालून ऐकत राहिले. आणि मी भिंतीला टेकून उभी राहिले.

हे आत गेल्यावर मी त्यांना विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

"ताई, मी आता माझ्या घरी जाईन," ते म्हणाले. "तुमाला त्यांच्याच घरात राहायचं आहे. म्हातारीचं काही बरंवाईट झालं तर कशा राहाल?"

संध्याकाळी वन्संनी डोळे उघडले, ह्यांना ओळखलं, पाणी मागितलं. मी खाटेजवळ गेले आणि दोघांसमोर म्हटलं, "मी ठेवायला लावला होता. ते नको म्हणत होते."

मला वाटलं, आता माझी खैर नाही. खरं सांगते, मला ती शिक्षा हवी होती. पण हे उठले, बाहेर गेले. काचेतून मला दिसलं, शेतकरी बाकावर बसले होते आणि हे त्यांच्यासमोर हात जोडून उभे होते, बराच वेळ.