नोंदी तीन, मूल एक

इंजेक्शनआधी दंडावर लावतात त्या स्पिरिटचा वास आला की मला गोवंडीतला तो लसीकरण कॅम्प आठवतो. तेव्हा मी अंधेरीतल्या एका संस्थेत नवाच लागलो होतो आणि कॅम्पच्या नोंदींवरून टक्के काढायचं काम माझ्याकडे होतं. कॉम्प्युटरमधल्या नोंदींतून आकडा काढणारी एसक्यूएलची क्वेरी, म्हणजे आज्ञा, चालवली, तर वस्तीतल्या जवळजवळ सगळ्या मुलांना लस मिळाल्याचं दिसलं. साहेब खूश झाले आणि कॅम्प बंद करायचं ठरलं. ते सांगायला मीच गेलो. पत्र्याच्या शेडमध्ये उकडत होतं, पोरं भोकाड पसरून रडत होती. तिथल्या नर्सबाई म्हणाल्या, "सगळी? अरे, मागच्या गल्लीतलं एकही पोर आलेलं नाही अजून. तू मोजलंस तरी काय रे?" मी तिथेच लॅपटॉप उघडला. एका मुलाचे तीन डोस म्हणजे तीन नोंदी, आणि मी मुलं सोडून नोंदीच मोजल्या होत्या. क्वेरीत 'डिस्टिंक्ट' हा एक शब्द घातला, तसं प्रत्येक मूल एकदाच मोजलं गेलं आणि टक्का एक तृतीयांशावर आला. नोकरी जाणार असं वाटत होतं, तरी साहेबांना फोन लावून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कॅम्प चालू राहू दे. तू उद्या येऊन भेट." बाईंनी लशींचा थंड डबा माझ्या हातात दिला आणि म्हणाल्या, "चल, आता मोजायला माझ्याबरोबर." आम्ही दुपारभर दारोदार फिरलो. आजही एखादा टक्का फारच चांगला आला, की मी अहवाल पाठवण्याआधी वस्तीतल्या नर्सना फोन करून विचारतो, कोणी राहिलंय का.