निम्म्या कराचा डाव

नेकनूरच्या अलीकडे चिंचटाक्याला बैलांचा बाजार भरायचा. तिथला दलाल आश्रुबा. घेणाऱ्याचा आणि विकणाऱ्याचा हात उपरण्याखाली धरून, बोटं दाबून तो सौदा जुळवायचा. उघड बोललेल्या कुठल्याही गोष्टीवर या माणसाचा विश्वासच नव्हता.

त्याचंही चुकत नव्हतं म्हणा. निजाम सरकारच्या तिजोरीत खडखडाट झाला, तेव्हा आधीच्या तहसीलदाराने हौदावर पाणी ओढणारा गडी काढून टाकला आणि बाजाराचा कर दुप्पट केला. जनावरं तहानेने हंबरू लागली, व्यापारी फिरकेनात. मग त्यानेच एका बाजारापुरता कर माफ केला. लोक खुशीने गुरं घेऊन आले. शिपायांनी ती मोजून घेतली आणि महिन्याभरात घरोघर चराईची पट्टी बसली. ती भरता भरता आश्रुबाच्या दारातली गाय गेली.

आता नवा तहसीलदार आला होता. त्याने दवंडी पिटवली, कर निम्मा, हौद भरलेला राहील. बाजार वाढला की सरकारचंही भागेल. दुधाने तोंड पोळलेला आश्रुबा ताकही फुंकून पिणार, हे ठरलेलंच.

"तिजोरी रिकामी अन् कर निम्मा? कावून?" तो चावडीवर म्हणाला. "पुन्हा मोजदाद करायची हाय. जनावरं रानातच ठिवा."

बायकोने, मनकर्णाने, हौद भरताना स्वतः पाहिला होता. तिने परोपरीने सांगितलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. गावाने त्याचंच ऐकलं. बाजाराच्या दिवशी तहसीलदार भर उन्हात मैदानात उभा आणि समोर एक वासरूसुद्धा नाही. पुढच्या बाजारालाही तेच. आश्रुबा बांधाआडून पाहत होता आणि, खरं सांगायचं तर, मनातून खूश होता.

ओस मैदानावर सरकार तरी किती खर्च करणार? बाजार नेकनूरला हलवला. तिथे हौद भरलेला, कर निम्माच. बघता बघता पार धर्मापुरीकडून बैल येऊ लागले. तिथल्या दलालांनी आश्रुबाला उभं केलं नाही. तरी तो दर बाजाराला जायचा आणि हौदापाशी बसून शिपाई गुरं मोजतात का ते न्याहाळायचा. कुणी मोजत नव्हतं.

वर्ष सरलं. मनकर्णा आता दुसऱ्याच्या रानात खुरपायला जात होती. एका संध्याकाळी भाकरी वाढताना तिने विचारलं,

"निघाला का सरकारचा डाव?"

आश्रुबाने भाकरीचा तुकडा मोडला.

"निघंल," तो म्हणाला. "निघायाच पायजे गं."