चिंचेखालचा नवरंग

मागच्या खेपेला आलात तेव्हा चिंचेखालचा पाला मी झाडू दिला नाही, म्हणून तुम्ही हसलात. एरवी चमचासुद्धा जागच्या जागी ठेवणारी आजी! त्याचं कारण लिहिते.

दुसरं महायुद्ध चालू होतं. आम्ही नगरला राहायचो, मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आईला क्षय झाला होता. तिची खाट मागच्या पडवीत होती आणि अन्नावरची तिची वासना उडाली होती. वैशाखाच्या अखेरीस परसातून सकाळ-संध्याकाळ दोन सुरांची शीळ येऊ लागली. ती ऐकली की आई म्हणे, "आण, दोन चमचे घेते." मग मी पेज भरवायची.

"कोण गं ते? बघून सांग मला." एवढंच तिचं मागणं होतं.

मी शाळेतून पक्ष्यांचं इंग्रजी पुस्तक आणलं, वहीत वेळा टिपल्या, मान दुखेपर्यंत परसातल्या चिंचेच्या फांद्या न्याहाळल्या. काही दिसेना.

मग डॉक्टर यायचे म्हणून मी परस लख्ख झाडलं, पाला जाळला, सडा घातला. त्या संध्याकाळी शीळ आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. आईने पेजेची वाटी दोनदा परत केली. शेवटी मीच शीळ घालून पाहिली. आई डोळे न उघडता म्हणाली, "फसवू नकोस गं."

शेजारच्या चाचींकडे जाऊन मी रडले.

"लई शानी हायेस! वर काय बघतीस? जमिनीवरचं पाखरू ते. पाल्याखालचे किडे खातंय. तू त्याचं ताटच उचललंस."

"आता काय करू, चाची?"

"आता इंग्रजी वाचून दाखव त्याला," म्हणत त्यांनी आपल्या आंब्याखालचा पाला पाटीत भरायला घेतला. चिंचेखाली आम्ही तो पसरला. पाला उकरू नये म्हणून त्यांनी आपल्या कोंबड्याही टोपलीखाली डालून ठेवल्या.

दोन दिवस मी पडवीच्या पायरीवरून हलले नाही. आई नुसत्या पाण्यावर होती.

तिसऱ्या सकाळी पाला सळसळला. बुलबुलाएवढा, आखूड शेपटीचा पक्षी उड्या मारत पानं उलटत होता. डोळ्यावरून काळी पट्टी, पाठ हिरवी, पंखावर निळा डाग, शेपटीखाली लाल. पुस्तकात चित्र सापडलं, पण नाव इंग्रजी. ते आईला काय सांगणार? कुंपणापलीकडून चाची हळूच म्हणाल्या, "नवरंग हाय."

आईच्या कानाशी मी नाव सांगितलं, एकेक रंग सांगितला. तेवढ्यात बाहेर शीळ झाली. मी चमचा तिच्या ओठांशी नेला. तिने माझा हात दूर केला नाही, पण चमच्यासाठी तोंडही उघडलं नाही.

"खाली होता होय," एवढंच पुटपुटली.

पेज निवत गेली. पक्षी त्याच आठवड्यात निघून गेला. आई त्याच्याही आधी.