मधाच्या रंगाच्या बरण्या

साताऱ्याला घरामागच्या शेडमध्ये मी भट्टी बांधली तेव्हा मोठा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती. आई गेल्यापासून वडील एकटे होते. फौजेतून निवृत्त झालेला माणूस, स्वतःचं स्वतः करून खाणारा, पण घर मात्र फार शांत झालं होतं. मुंबईत कुंभारकामाचा अभ्यासक्रम संपवून मी नोकरी न शोधता त्यांच्याकडे परत आले. कुंभारच व्हायचं होतं तर मुंबईला कशाला गेलीस, असं एका काकांनी विचारलं. वडिलांनी काही विचारलं नाही. पूर्वी म्हशी बांधायचो त्या शेडवर त्यांनी नवे पत्रे घालून दिले.

कुंभारवाड्यातलं एक जोडपं माझ्याबरोबर काम करायला तयार झालं. दोघंही पन्नाशीची, मूळची म्हसवडकडची. दुष्काळात तिकडं मडक्याला माती होती, पण ती भिजवायला पाणी नव्हतं, म्हणून साताऱ्याला आलेली. मी त्यांना मामा-मामी म्हणायची आणि ती दोघं मला बाई म्हणायची. मामा चाकावर बसायचे. चाकावरून उतरलेलं मडकं थोडं सुकलं की आतून दगडी गोटा धरून बाहेरून लाकडी थापीनं ते ठोकायचं, पातळ आणि गोल करायचं, हे मामींचं काम. भिंत कुठं जाड राहिली आहे ते त्या बघून नाही, आवाजावरून सांगायच्या. मी मुंबईत चार वर्षं शिकले होते, पण मला तो फरक कधी ऐकू आला नाही.

मला झिलई करायची होती. मातीच्या भांड्यावर काचेसारखा जो चकचकीत थर असतो, ज्यामुळे त्यात तेल आणि आंबट मुरत नाही, तो. लोणच्याच्या बरण्या बाहेरगावाहून पेंढ्यात गुंडाळून यायच्या, रस्त्यात फुटायच्या, आणि खेड्यातल्या बाईला काही मिळायच्या नाहीत. आपल्याच मातीची, आपल्याच भट्टीतली बरणी करायची असं मी मनाशी धरलं होतं. पहिलं वर्ष उसाच्या चिपाडाच्या राखेत गेलं. गुऱ्हाळावरून पोती भरून राख आणायची, चाळायची, धुवायची, मातीत कालवून लहान लहान ठिकऱ्यांवर लावायची, प्रत्येकीच्या पाठीवर नंबर कोरायचा आणि वहीत लिहायचं. भट्टी उघडली की सगळ्या ठिकऱ्या करड्या आणि खरखरीत निघायच्या. नखानं खरवडलं की लेप पापुद्र्यासारखा निघून यायचा. मामा हसून म्हणायचे की राख भांडी घासायला असती, भांड्याला लावायला न्हाई.

दोष राखेचा नव्हता. तिला जेवढी आग लागते तेवढी आमच्या भट्टीला सोसत नव्हती. पहाटेपासून बाभळीची लाकडं घातली तरी दुपारनंतर आच पुढे सरकायची नाही. आणखी रेटलं तर विटाच खाली बसतील, असं मामा सांगायचे आणि ते खरं होतं. मोठी भट्टी बांधायची ऐपत नव्हती. तेव्हा मी शेंदूर आणला.

शेंदूर म्हणजे शिसं. शिशाची झिलई कमी आचेवर वितळते, हे मी शिकले होते. ते जपून वापरावं, त्याची धूळ नाकातोंडात जाऊ देऊ नये, हेही शिकले होते. माझ्या वहीत ते वाक्य होतं आणि त्याखाली मी स्वतःच रेघ मारली होती. पण मी असं धरून चालले की धोका आहे तो कच्च्या पुडीत. एकदा भाजलं की काच झाली आणि काचेत अडकलेलं शिसं कुठं जाणार? कुणाला विचारावं असंही मला वाटलं नाही.

शेंदूर, गारगोटीची पूड आणि थोडी तांबडी माती. ती भट्टी आम्ही सकाळी नऊच्या सुमाराला उघडली. आत सहा बरण्या होत्या, सगळ्या मधाच्या रंगाच्या. उन्हात धरल्या तर खालची माती लेपातून तांबूस दिसायची. मामांनी एक बरणी कानाजवळ नेऊन टिचकी मारली आणि मामींच्या हातात दिली. मामी स्तुती करणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी बरणी पदरानं पुसली, फिरवून फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "ह्यात लोणचं घातलं तर बाहेरनंच तोंडाला पाणी सुटंल." वर्षभरात मी पहिल्यांदा शेडमध्ये खाली बसून रडले.

पुढचं दीड वर्ष माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सुखाचं होतं असं मी आजही म्हणेन, आणि म्हणताना मला लाज वाटते. मेढ्याच्या बाजारात, म्हसवडच्या सिद्धनाथाच्या यात्रेत, सांगलीच्या एका दुकानात आमच्या बरण्या जाऊ लागल्या. मामी शेंदूर आणि गारगोटी पाट्यावर वाटायच्या. लेपात बरणी बुडवायच्या आणि बुडाशी राहिलेला लेप बोटांनी पुसून काढायच्या. मग तिथंच बसून भाकरी खायच्या. हात धुवा, असं मी त्यांना सांगितलं होतं. त्या धुवायच्या, पण मातीच्या बादलीतल्या पाण्यात. ते मी पाहिलं होतं. एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगायला संकोच वाटला. माझ्या आईच्या वयाची बाई, तिला किती वेळा हात धुवायला सांगायचं.

त्यांचं पोट दुखायला लागलं तेव्हा आमच्या ओळखीच्या डॉक्टरांनी जंताचं औषध दिलं. महिन्यानं पुन्हा दुखलं. कळ आली की त्या गुडघे पोटाशी घेऊन शेडच्या कोपऱ्यात बसायच्या आणि ओसरली की उठून कामाला लागायच्या. तोंडाची चव गेली म्हणायच्या. रंग फिकट पडला. घरी जाऊन पडा म्हटलं तर हसायच्या. मग एका दुपारी मडकं ठोकताना त्यांच्या उजव्या हातातली थापी खाली पडली. त्यांनी उचलली, ती पुन्हा पडली. त्यांनी हात पुढे धरला तर पंजा मनगटातून खाली लोंबत राहिला. बोटं मिटत होती, पण पंजा वर येत नव्हता.

अंगावरून वारं गेलं, असं मामांना वाटलं. त्यांनी सिद्धनाथाला नवस बोलला आणि आठ दिवस तिळाच्या तेलानं हात चोळला. नवव्या दिवशी मी दोघांना घेऊन रेल्वेनं मिरजेला गेले.

तिथले डॉक्टर वयस्कर होते आणि घाईत नव्हते. त्यांनी हात पाहिला, मग मामींना तोंड उघडायला सांगितलं आणि हिरड्या बराच वेळ पाहिल्या. मलाही दाखवल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती, पेन्सिलीनं ओढल्यासारखी. ह्या काम काय करतात, असं त्यांनी मला विचारलं. मडकी, असं मी सांगितलं. रंगाच्या कारखान्यात होत्या का? नाही. बॅटरीच्या? तिसरा प्रश्न येण्याआधीच मला कळलं होतं. मी म्हणाले, शेंदूर.

मामी म्हणाल्या, "आवं, शेंदूर तर मारुतीच्या अंगाला लावत्यात डाक्तर. त्यानं काय हुतंय?"

डॉक्टरांनी औषध लिहिलं. शिशापासून पूर्ण लांब राहायचं, हात परत येईल किंवा येणार नाही, आता सांगता येत नाही, असं म्हणाले. मी उठले तेव्हा त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, की त्या बरण्यांत लोक ठेवतात काय. लोणचं, असं मी म्हणाले. त्यांनी चष्मा काढला. आंबट पदार्थ अशा झिलईतून शिसं ओढून घेतो, भाजलेली असली तरी, हे त्यांनी मला लहान मुलाला सांगावं तसं हळू सांगितलं.

मिरजेच्या फलाटावर गाडीला वेळ होता. मामी बाकावर डोळे मिटून बसल्या होत्या. मामांना डॉक्टरांचं बोलणं पुरतं कळलं नव्हतं, म्हणून मी त्यांना सगळं पुन्हा सांगितलं. शेंदुरात शिसं असतं, ते अंगात साठतं, मामींचा हात त्यानंच गेला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"तुमाला हे ठावं हुतं का, बाई?"

"थोडं ठाऊक होतं," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. खांद्यावरचा टॉवेल काढून झटकला, परत खांद्यावर टाकला आणि मामींना पाणी आणायला नळाकडे गेले. गाडीत त्यांनी मला खिडकीची जागा दिली. साताऱ्यापर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत आणि दुसऱ्या दिवसापासून कामाला आले नाहीत.

मी बरण्या परत आणायला निघाले. त्यापलीकडे काय करायचं ते मला सुचत नव्हतं. सांगलीचे दुकानदार मुसलमान गृहस्थ होते, फार सभ्य. त्यांनी उरलेल्या बरण्या मागचापुढचा प्रश्न न करता बांधून दिल्या आणि आठवेल तेवढ्या गिऱ्हाइकांची नावं एका कागदावर लिहून दिली. त्यातली काही जतकडची होती. मी एसटीनं तिथंही गेले. पण त्यांनी लिहून दिलेल्या घरांपैकी एकाला कुलूप होतं, मेंढरं घेऊन सगळी बाहेर पडली होती. दुसऱ्या घरातली म्हातारी कानडीत बोलत होती. तिला मी खुणांनी बरणी दाखवली. ती ओळखून हसली, आत गेली आणि मला ताकाचा पेला आणून दिला. बरणी तिनं सुनेला माहेरी दिली होती. कुठलं माहेर, ते मला शेवटपर्यंत समजलं नाही.

मेढ्याच्या पुढे एका गावात बाईनं बरणी दिलीच नाही. तिच्यात कैरीचं लोणचं होतं, काठापर्यंत भरलेलं. दुसरी नवी बरणी आणून देते म्हटलं, तर तिचा नवरा म्हणाला की बाईंना दुसरं चांगलं गिऱ्हाईक मिळालं असंल. मग मी सरळ सांगितलं की ह्यात विष उतरतं. ती बाई क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली. झाकण काढून तिनं लोणच्याची एक फोड तळहातावर घेतली आणि माझ्यासमोर खाल्ली. "चार म्हयनं झालं, रोज खातोय आमी. काय झालंय आमाला?" ती म्हणाली. तिची दोन मुलं उंबऱ्यात उभी होती. मी त्या बाईचे पाय धरले असते, पण त्यानं तिला मी वेडीच वाटले असते. मी निघून आले. त्या गावाला मी नंतर दोनदा गेले. दुसऱ्या वेळी त्यांनी दार उघडलं नाही.

यात्रेत विकलेल्या बरण्यांचा तर माग काढणंच शक्य नव्हतं. कुठल्या तालुक्यातली माणसं, कुठं गेली, कोण जाणे.

ज्या थोड्या परत मिळाल्या त्या मी शेडमागे खड्डा करून फोडायला घेतल्या. वडील स्वयंपाकघरातून एक बरणी घेऊन आले. ती आमची होती. त्यात लिंबाचं लोणचं होतं आणि वर्षभर वडील रोज जेवताना ते घेत होते. "ही पण घे," एवढंच म्हणाले. त्यांना पुढे त्याचा त्रास झाला का, हे मला कधी कळलं नाही. गुडघे दुखायचे, झोप लागायची नाही. म्हातारपणात तसंही होतंच. प्रत्येक दुखण्याला मी मनात तीच बरणी जोडत राहिले.

शिसं न घालता झिलई करायचा मी आणखी वर्षभर प्रयत्न केला. सोनारांकडून टाकणखार आणला. तो कमी आचेला वितळतो. पण लेप सुकला की वर पांढरे खडे फुलायचे, भट्टीतून निघाला की फोड यायचे, आणि जो एखादा तुकडा गुळगुळीत निघायचा त्यावर आठ दिवसांत बारीक तडे जायचे. मामा असते तर मातीत काय कालवायचं ते त्यांनी सांगितलं असतं. मला येत होतं ते वहीतलं. चाकावर मी बसायची, पण मी केलेलं भांडं मलाच जड वाटायचं.

मधून मधून मी कुंभारवाड्यात जायची. मामा आता दोन्ही कामं एकटे करत होते. चाकावरून उठायचे आणि थापी घेऊन ठोकायला बसायचे. मामी शेजारी पोत्यावर बसून आवाज ऐकायच्या आणि इथं मार, आता वर, असं सांगायच्या. मामांच्या हाताला ते साधत नव्हतं, मडकी एका अंगाला झुकायची. मी गेले की मामी डाव्या हातानं मला बसायला गोणपाट टाकायच्या. मामा उठून आत जायचे. मी औषधं आणायची, फळं आणायची. त्यांनी कधी नको म्हटलं नाही आणि कधी मागितलंही नाही. वर्षभरात मामींचा पंजा थोडा वर यायला लागला. पेला धरता यायचा, भाकरी मोडता यायची, पण थापी काही पेलायची नाही. मग ती दोघं म्हसवडला लेकीकडं निघून गेली. जाणार आहेत हे मला ती गेल्यावर शेजाऱ्यांनी सांगितलं.

मी सांगलीला एका शाळेत चित्रकलेची बाई म्हणून लागले. वडिलांना बरोबर घेऊन गेले. शेड विकली नाही, नुसती बंद केली.

नोकरीला लागल्यावर दुसऱ्या वर्षी, दिवाळीच्या सुट्टीत मी म्हसवडला गेले. माफी मागायची असं ठरवूनच गेले होते. शब्दही ठरवले होते. एसटीत ते पुन्हा पुन्हा मनात म्हणून पाहिले. मामी लेकीच्या दारात ज्वारी निवडत होत्या, डाव्या हातानं. उजव्या हातानं फक्त सूप दाबून धरलं होतं. त्यांनी मला ओळखलं, जवळ बसवलं. मामा बाजाराला गेले होते. मी सुरुवात केली की त्या दुसरंच काही बोलायच्या. नातवाला दात आले, औंदा इकडं पाऊसच न्हाई, लेकीचा नवरा फौजेत भरती झाला. वडील कसे आहेत ते विचारलं. शाळेत पोरं मला घाबरतात का, ते विचारलं. त्या मला बोलू देत नव्हत्या की त्यांना खरंच तेवढंच बोलायचं होतं, हे मला ओळखता आलं नाही. लेकीनं चहा केला. मामींनी कप स्वतः उजव्या हातात घेऊन माझ्यापुढे केला. बशी थरथरत होती, थोडा चहा सांडला. मी पटकन हात पुढे केला, तर त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या, जमतंय मला."

परतीच्या गाडीची वेळ झाली. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी माझ्या डोक्यावर डावा हात ठेवला आणि लेकीला म्हणाल्या, बाईंना स्टँडापतुर सोडून ये, त्यांना रस्ता ठावा न्हाई.