प्रार्थना प्रभारी

शाळेत प्रार्थनेचं काम माझ्याकडे आलं ते माझ्या आडनावामुळे. मी गणिताची शिक्षिका, धार जिल्ह्यात अमझेऱ्याच्या पुढच्या एका सरकारी हायस्कूलमध्ये. जुलैत नवे प्राचार्य आले. त्यांनी स्टाफच्या यादीत माझं आडनाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"मैडम, आप तो महाराष्ट्रियन हो! संस्कृत तो आपके घर में झाड़ू लगाती है."

आमच्या घरी झाडू मीच मारते. पण नव्या साहेबांना पहिल्याच दिवशी हे ऐकवणं बरं दिसलं नसतं. त्या दिवसापासून मी प्रार्थना प्रभारी झाले.

माझी आणि देवाची ओळख लग्नाकार्यापुरती. सत्यनारायणाच्या तिसऱ्या अध्यायाला मला हमखास डुलकी लागते. सासूबाईंना मात्र ही बातमी ऐकून धन्य वाटलं. त्यांच्या माहेरचे लोक देवास संस्थानात कारभारी होते आणि बाईंचं बोलणं अजून त्याच काळातलं आहे. शनिवारी मी देवासला घरी गेले की त्या मला समोर बसवून सरस्वतीवंदना म्हणवून घ्यायच्या आणि मान हलवायच्या. "सूनबाई, तुमचा षकार पोटातच राहतो हो." तो शेवटपर्यंत पोटातच राहिला.

ऑगस्टमध्ये एक दिवस पीटीचे सर नववीतल्या एका मुलीला घेऊन ऑफिसात आले. गुन्हा असा की ती प्रार्थनेत हात जोडत नाही. मुलगी मुसलमान, वडिलांचं अमझेऱ्याच्या बाजारात खत-बियाण्यांचं दुकान. ती ताठ उभी राहायची, हात बाजूला, तोंड बंद. खरं सांगायचं तर साऱ्या शाळेत प्रार्थनेच्या वेळी शिस्तीत उभी असणारी ती एकटीच. हात जोडलेली बाकीची मंडळी पुढच्याच्या चपला काढण्यात गुंतलेली असायची.

दुसऱ्या दिवशी वडील आले. दुकानातून उठून तसेच आले होते, शर्टाला कीटकनाशकाचा वास होता. साहेबांनी चहा मागवला आणि गोड आवाजात सुरुवात केली, "भिया, हाथ जोड़ने में क्या जाता है?"

"सर, कुछ नहीं जाता तो आप मत जुड़वाओ," वडील म्हणाले. "बच्ची खड़ी रहेगी, चुप रहेगी, इज्जत से. बस इतना ही."

"पर ये अनुशासन की बात है."

"तो अनुशासन में ही तो खड़ी है, सर."

 साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "मैडम, कुछ रास्ता निकालो. प्रभारी आप हो."

मी काढलेला रस्ता असा की प्रार्थनेऐवजी काही दिवस सगळ्यांनी मौन उभं राहावं, ज्याने त्याने मनात हवं ते म्हणावं. तेव्हा ही कल्पना मला फार सुंदर वाटली होती. साडेचारशे पोरांना गप्प उभं करून पाहिलेलं नसलं की अशा कल्पना सुचतात.

पहिला दिवस छान गेला. कडुनिंबावरचे पोपटसुद्धा ऐकू आले. दुसऱ्या दिवशी आठवीच्या रांगेतून कोणीतरी पादलं. एरवी ते प्रार्थनेच्या गजरात खपून गेलं असतं. मौनात ते थेट झेंड्याच्या खांबापर्यंत पोचलं. सगळं मैदान हसून लोळलं. पीटीचे सर "सावधान! सावधान!" ओरडत राहिले आणि पोरं त्या शब्दावर आणखीच हसली. ती नववीतली मुलगीही ओढणी तोंडात कोंबून हसत होती. तेवढा एक दिवस म्हणाल तर आमच्या शाळेत सर्वधर्मसमभाव पुरा होता.

साहेबांना वेगळीच काळजी लागली. त्यांनी मला बोलावून दार लोटून घेतलं.

"मैडम, ये बच्चे मन में क्या बोल रहे हैं?"

"सर, वो कैसे पता चलेगा?"

"वही तो!" साहेब म्हणाले. "पता तो होना चाहिए ना."

तोवर कोणीतरी मौनाचा व्हिडिओ काढून गावभर फिरवला होता. खाली लिहिलेलं, बाहेरून आलेल्या मॅडमनी सरस्वतीची प्रार्थना बंद पाडली. मला राग आला तो 'बाहेरून' या शब्दाचा. देवास काय परदेशात आहे? त्याच दुपारी तीन मोटारसायकलींवरून सहा तरणे गडी फाटकाशी येऊन घोषणा देऊ लागले. साहेब बाथरूममध्ये गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत. शेवटी मीच गेले.

"हाँ भिया, बोलो. मैं ही हूँ वो मैडम."

 सगळ्यात पुढचा माझाच जुना विद्यार्थी निघाला, गणितात दोनदा आपटलेला आणि तिसऱ्यांदा माझ्या इथल्या खोलीवरच्या शिकवणीवर कसाबसा पास झालेला. घोषणेसाठी वर केलेला हात त्याने तसाच खाली आणला आणि वाकून माझ्या पायाला लावला.

"मैडम, आप थे क्या? हमको तो कोई दूसरी मैडम बताई थी."

"दूसरी कोई नहीं है. अंदर आओ, पानी पियो."

पाणी पिऊन झाल्यावर त्याने मला एका बाजूला घेऊन सांगितलं की काहीतरी करा, नाहीतर मला परत यावं लागेल आणि मला फार लाज वाटते. मी त्याला तेरा गुणिले सतरा किती विचारलं. तो हसत हसत गाडीवर बसला.

मग शाळेच्या समितीची बैठक लागली. समितीच्या अध्यक्ष म्हणजे दहावीतल्या एका मुलाची आई. त्यांचं सोयाबीन कापून शेतात पडलेलं आणि आभाळ भरून आलेलं. त्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसल्या होत्या. "जल्दी करो सर, म्हारो सोयाबीन भीगी जायगो."

पण बैठक काही लवकर आटोपेना. कोणी म्हणालं, प्रार्थना हा आपला संस्कार आहे, सगळ्यांनी म्हटलीच पाहिजे. खतवाले वडील म्हणाले, घरी बायकोने विचारलं की शाळेत शिकायला पाठवतो की आणखी कशाला, तर मी काय सांगू? आवाज चढले. मला राहवलं नाही.

"माझी मुलगी देवासला मिशनच्या शाळेत जाते," मी हिंदीत म्हणाले. "रोज सकाळी इंग्रजीतून येशूची प्रार्थना म्हणते. माझी सासू सोवळ्यातली बाई, पण पाहुणे आले की नातीला उभं करून ती प्रार्थना म्हणायला लावते. का, तर उच्चार छान आहेत. आमचा धर्म काही कुठे गेला नाही. पण उद्या तिथल्या सिस्टरनी तिचे हात धरून जोडायला लावले, तर मी पहिल्या बसने जाऊन भांडेन."

 एक गृहस्थ चौकशी करू लागले की तिथे प्रवेश मिळतो का आणि फी किती.

मग साहेबांनीच तोडगा काढला, आणि मोठ्या विश्वासाने. दिवाळीनंतर प्रार्थना शाळेच्या आधी होईल. ज्याची श्रद्धा आहे त्याने लवकर यावं, सक्ती नाही. "देखना, पूरा स्कूल आएगा." अध्यक्षबाई "मंजूर, मंजूर" म्हणत उठल्यासुद्धा.

दिवाळी झाली, थंडी पडली. पहिल्या दिवशी वीस-बावीस मुलं आली. आठवडा संपेपर्यंत पीटीचे सरही यायचे थांबले. त्यांना सर्दी झाली होती म्हणे. संस्कारासाठी बैठकीत घसा ताणणाऱ्यांची मुलं तर शाळेच्या घंटेलाही वेळेवर पोचत नव्हती. लवकर यायच्या त्या फक्त अमझेऱ्याकडच्या पहिल्या बसच्या चार मुली, कारण त्यानंतरची बस थेट दहाला, घंटा होऊन गेल्यावर. त्या चारांत ती नववीतलीही एक.

एका सकाळी मी पोचले तेव्हा मैदानात धुकं होतं आणि साहेब लाउडस्पीकरच्या पेटीशी झटापट करत होते. पेटी कुईं कुईं करत होती. मुलगी पायरीवर बसून पेरू खात होती. थोडा वेळ तिने पाहिलं, मग उठली.

"सर, वो वाला बटन नहीं. ये वाला."

तिने बटण दाबलं, कुईं थांबली. तीन मुलींसमोर साहेब वंदना म्हणू लागले. आवाज माझ्याहून वाईट, षकाराचं तर विचारूच नका. दुसऱ्या कडव्याला ते विसरले. माइकवरच पुटपुटले, "आगे क्या है?"

मुलीने पेरू चघळता चघळता पुढची ओळ सांगितली. पाचवीपासून रोज ऐकलेलं, पाठ असणारच. साहेब तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांना हसू फुटलं, ते माइकवरून गावाला ऐकू गेलं. तीही हसली. आम्ही सगळ्याच हसलो.

सोमवारपासून प्रार्थना पुन्हा जुन्या वेळेवर आली. साहेबांनी माइकवर एवढंच सांगितलं, "जिसको बोलना है बोले, जिसको नहीं बोलना वो चुप खड़ा रहे. हल्ला कोई नहीं करेगा." कोणी तक्रार केली नाही. मोटारसायकली आल्या नाहीत. प्रार्थना चालू आहे, एवढं त्यांना पुरलं. खतवाले वडील बाजारात भेटले की मला कुंडीतल्या गुलाबाला घालायला खत देतात.

साहेब आता कोणाचे हात जुळलेत ते बघत रांगांमधून फिरत नाहीत. पुढे उभे राहून डोळे घट्ट मिटून वंदना म्हणतात, अगदी शेवटच्या ओळीपर्यंत. मी एकदा विचारलं, सर, हे डोळे मिटायचं कधीपासून?

"ध्यान अच्छा लगता है," ते म्हणाले, आणि घंटा द्यायला निघून गेले.